खोचलेला कोपरा

मालनला अख्खा देश ठाऊक होता, पण मळलेला. दक्षिणेकडच्या गाडीच्या चादरींना खोबरेल तेलाचा वास यायचा, बिहारकडच्यांना मोहरीच्या तेलाचा. राजस्थानच्या गाडीचं गाठोडं झटकलं की फरशीवर बारीक वाळू सांडायची. मे महिन्यात सगळ्याच चादरींवर आंब्याचे डाग, आणि लग्नसराईत हळदीचे. कल्याणच्या यार्डामागं एका कंत्राटदाराची धुलाईची शेड होती. तिथं मालन चौदा वर्षं लांबच्या गाड्यांच्या चादरींच्या घड्या घालत होती. दोन चादरी, एक उशीचा अभ्रा, एक छोटा टॉवेल, की झालं एक खाकी पाकीट. दिवसाला अशी किती पाकिटं भरायची ते विचारू नका, तिनंही मोजायचं कधीच सोडून दिलं होतं.

आणि एवढं असून बाई स्वतः लांबच्या गाडीत कधी बसली नव्हती. माहेर साताऱ्याकडं, सासर साताऱ्याकडं, दोन्हीकडं एसटी जाते. नवरा दगडू कल्याणशेजारच्या मोहन्याच्या कारखान्यात लागला तेव्हा ती मोहन्यात आली, आणि कारखाना बंद पडल्यावरही मोहन्यातच राहिली. वय सत्तावन्न. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नाही. पण दोन वर्षांपूर्वी एक चादर आली आणि तिनं मालनच्या डोक्यात भुंगा सोडला.

मळक्या चादरी येतात त्या बोळा होऊनच. स्टेशन आलं की माणूस चादर पायानं ढकलतो आणि चपला शोधायला लागतो. त्या दिवशी गुवाहाटीच्या गाडीचं गाठोडं सोडलं तर त्या बोळ्यांमध्ये एक चादर नीट घडी घातलेली निघाली. घडीही साधीसुधी नव्हती. चौकोनी, घट्ट, आणि शेवटचा कोपरा आतल्या पदराखाली असा काही खोचलेला, की घडी वर फेकली तरी सुटत नव्हती. मालननं फेकून पाहिली. टेबलावरून खाली पाडून पाहिली. नाहीच सुटली. मग तिला काय हाव सुटली कोण जाणे, तिनं कोपरा धरला आणि ओढला. घडी मोकळी झाली, आणि ती कशी घातली होती ते काही कळलं नाही.

आता मालनची घडी म्हणजे शेडमध्ये नावाजलेली. तिची गंमत बरोबर उलटी होती. काठ चिमटीत धरून एक झटका दिला की चादर सरळ बाकावर पसरली पाहिजे, पेंगुळलेल्या माणसाला खटपट नको, म्हणून ती काठ नेहमी वर ठेवायची. नव्या बायकांना हितेश सुपरवायझर सांगायचा, "मालनमावशींकडे बघा आणि तसंच करा." चौदा वर्षं एकच काम करायचं आणि त्यातलीच एक गोष्ट आपल्याला येऊ नये, हे तिला फार झोंबलं.

"असंल कोनतरी शिस्तीचा मानूस," शेजारच्या टेबलावरची विमलाबाई म्हणाली. ही तिथल्याच गावची आगरीण, तोंडानं फटकळ आणि मनानं उदार. "मिल्ट्रीवाला असंल. तुला कशाला पायजे गो एवढी चौकशी?"

पण मालनला पाहिजेच होती. तिनं घरी येऊन जुन्या चादरींवर प्रयोग सुरू केले. कोपरा इकडून खोच, तिकडून खोच. दोन वर्षांत घरातल्या एकाही चादरीला धड घडी मिळाली नाही. "अंगावर घ्यायला चादर मागितली की ही बया आधी तिचा अभ्यास करते," असं दगडू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

तर अशी ही मालन. त्या पावसाळ्यात शेडमध्ये बातमी आली की ऑक्टोबरअखेर जुनं कंत्राट संपणार. नव्या शेडमध्ये घड्यांनाही मशीन येणार आणि वयस्कर बायकांना सुट्टी मिळणार. विमलाबाईनं कंत्राटदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मालन घरी आली, भाकऱ्या थापल्या, आणि जेवताना एकदम म्हणाली, "मला गुवाहाटीला जायचंय."

दगडूचा घास हातातच राहिला. "कुठं?"

"गुवाहाटी. आसामात आहे."

"तिथं आपलं कोण आहे?"

"कोण नाय."

"मग?"

मग याचं उत्तर मालनकडं होतं, पण ते तोंडावाटे बाहेर काढायची तिला लाज वाटत होती. सून स्वप्ना ताटं उचलता उचलता थांबली. ती ठाण्याला नौपाड्यात एका डॉक्टरांकडं रिसेप्शनला होती आणि दिवसभर पेशंटांच्या पोटातलं ओठावर आणायचा तिला सराव होता. तिनं सासूच्या तोंडाकडं पाहिलं, मोबाईल काढला आणि दोन मिनिटांत म्हणाली, "बाबा, तिथं कामाख्या देवी आहे. खूप मोठं स्थान आहे."

आमच्याकडं माणूस हौसेसाठी हलत नाही, देवासाठी हलतो. दगडूनं घास तोंडात घातला आणि विचारलं, "जागृत आहे का?"

"एकदम."

"मग बघू."

देवीचा हा उपकार मालननं मनात नोंदवून ठेवला आणि ओटीसाठी खण-नारळ न्यायचा हे तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

खरी कटकट झाली ती तिकिटाच्या वेळी. दगडूचं म्हणणं होतं, साध्या स्लीपरनं जाऊ. खिडकी उघडते, वारा लागतो, आणि एसीत त्याचे गुडघे धरतात. पांघरायला घरची गोधडी नेऊ. मालनचं एकच, एसीचा डबा पाहिजे.

"तुला कशाला गं एसी? घरात पंखा लावला तर शिंकतेस."

"पाहिजे म्हणजे पाहिजे."

"अगं पण का?"

"स्लीपरमध्ये चादर देत नाहीत!" मालन एवढ्या जोरात बोलली की शेजारच्या खोलीतला टीव्ही बंद झाला. मग तिनं मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. चौदा वर्षं हातातून गेलेल्या चादरी जातात कुठं, ते बघायचं आहे. हात रिकामे व्हायच्या आत एकदा तरी आपण घडी घातलेल्या चादरीवर झोपून तेवढं अंतर जायचं आहे. आणि तो खोचलेला कोपरा गुवाहाटीच्या गाडीतूनच आला होता, म्हणून गुवाहाटी.

स्वप्नाला हसू आलं होतं, ते तिनं गिळलं. कारखान्यात असताना दगडूच्या हातून धाग्याची रिळं भरून निघायची. ती कुठं गेली, त्यांचं काय झालं, हे त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं, आणि आता विचारायला कोणी उरलं नव्हतं.

"गुडघ्यांना पट्टे बांधतो," तो म्हणाला.

स्वप्नानं तिकिटं काढली. नोव्हेंबरातला पहिला रविवार, सकाळी कल्याणहून गाडी, तिसऱ्या दिवशी गुवाहाटी. एक खालचा बर्थ, एक मधला. शेडमधला शेवटचा दिवस आणि गाडी यांत दोनच दिवसांचं अंतर, म्हणजे मालनच्या हातची पाकिटं त्या गाडीत असणार हे नक्की होतं. चादरींवर तिनं ना खूण करायची ठरवली ना नाव लिहायचं. तिला आपली घडी अंधारातही ओळखू आली असती.

आणि मग गंमत अशी झाली की जो माणूस जायला तयार नव्हता त्यालाच वेड लागलं. दगडूनं स्वप्नाकडून वाटेवरच्या सगळ्या स्टेशनांची नावं लिहून घेतली आणि तो कागद भिंतीवरच्या गणपतीच्या फोटोशेजारी चिकटवला. रोज संध्याकाळी त्याला नवा प्रश्न पडायचा. पाटण्याला गंगा गाडीतून दिसते का? आसामात भाकरी मिळते का? तिथं आपलं हिंदी कळेल का? एक दिवस तो नाक्यावरून धावतच आला. "मालन, ती ब्रह्मपुत्रा नदी नाय, नद आहे. पुरुष!"

"मग तुम्ही त्याला नमस्कार करा. मी देवीला करीन," मालन म्हणाली.

तिचे प्रश्न निराळे होते. गाडीच्या डब्यातला बाक किती रुंद असतो, तिच्या घडीतली चादर त्यावर पुरते का. भुसावळच्या पुढं कुठल्या स्टेशनाला मोहरीचा वास सुरू होतो. आणि गुवाहाटीच्या चादरींवर ते तांबूस डाग असतात, धुवून धुवून न जाणारे, ते कशाचे. "सुपारीचे," स्वप्नानं शोधून सांगितलं, "तिकडे ओली सुपारी खातात." चौदा वर्षं त्या डागांशी भांडण केल्यावर त्यांचं कूळ समजलं, याचा मालनला केवढा आनंद झाला.

शेडमध्येही तयारी जोरात होती. विमलाबाईनं तर मांडवाचं काम काढल्यासारखा बेत केला. "तुझे गारीचा लॉट तूच भरशील. दुसऱ्या कोनाला हात लावू देनार नाय मी. त्या दिवशी माझे टेबलावरची पाकिटं पन तूच भर." कधी नव्हे ते ती मालनला जवळ घेऊन म्हणाली, "आपल्यातली कोन तरी त्या पाकिटाची मजा बघू दे गो."

कामाच्या शेवटच्या दिवसाआधी दोन दिवस मालन हितेशकडं गेली. रविवारच्या गाडीचा लॉट कधी भरायचा, एवढंच विचारायचं होतं. पदराच्या गाठीतून तिनं तिकिटाचा कागद काढून त्याच्यापुढं ठेवला. हितेशनं नंबर वाचला, परत वाचला, आणि कानामागं खाजवलं.

"मावशी, ही गाडी आपली नाय."

"आपली नाय म्हणजे? गुवाहाटीचीच आहे ना?"

"गुवाहाटीचीच आहे, पण आपली बुधवारची. ही रविवारची तिकडची, आसामची गाडी आहे. हिचे डबे तिकडचे, चादरी पण तिकडंच धुतात. येताजाताच्या दोन्ही खेपांच्या तिकडूनच भरून येतात. आपल्याकडे हिचा लॉट येतच नाय कधी."

ही चूक दुसऱ्या कुणाची होणं शक्यच नव्हतं. दुसरा माणूस गाडी बघतो, वार बघतो, वेळ बघतो. मालनच्या लेखी गाव म्हणजे गाठोडं. गुवाहाटीचं गाठोडं एक, तर गुवाहाटीची गाडीही एकच. तिनं स्वप्नाला नुसतं गुवाहाटी सांगितलं होतं आणि स्वप्नानं ज्या गाडीत जागा होती तिचं तिकीट काढलं होतं.

घरी आली तेव्हा तिचा चेहरा बघून दगडूनं भिंतीवरच्या कागदाकडं पाठ केली. स्वप्नाला तर रडूच फुटलं. "आई, मी विचारायला पाहिजे होतं. थांबा, बुधवारची बघते." तिनं बघितली. तिला महिनाभर जागा नव्हती. आणि महिन्यानंतर जागा मिळून तरी काय, तोवर मालनच्या हातची शेवटची चादर कधीच मळून, धुवून, मशीनच्या घडीत जाऊन बसली असती.

"कॅन्सल करू का?" स्वप्नानं विचारलं.

मालनला फार वाईट वाटत होतं. एवढी एकच गोष्ट मागितली होती, तीही नेमकी हुकली. दगडूनं गुडघ्याचे नवे पट्टे पिशवीतून काढून कपाटात ठेवले, आणि ते तिनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली. घड्या घालत होती, पण डोकं थाऱ्यावर नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ती पुन्हा हितेशपुढं जाऊन उभी राहिली.

"हितेश, त्या रविवारच्या गाडीच्या घड्या कोण घालतं रे?"

"तिकडचं कोणतरी."

"बायका असतात?"

"असतील, मावशी. मी कुठं गेलोय तिकडे?"

"टेबलावर उभ्या राहून घालतात का बसून?"

हितेश हसायला लागला. मालन हसली नाही. चौदा वर्षांत हा प्रश्न तिच्या मनात एकदाही आला नव्हता. देशभरच्या चादरी जणू तिच्याच शेडमध्ये धुतल्या जातात असं तिनं धरून ठेवलं होतं. आणि आता एकदम कळलं की आणखी कुठंतरी एक शेड आहे, तिथं टेबलं आहेत, आणि टेबलांशी बायका आहेत. त्यांच्या चादरींवर इकडच्या हापूसचे डाग जात असतील, आणि हे कशाचे म्हणून त्या कातावत असतील.

संध्याकाळी घरी येऊन तिनं कपाट उघडलं, पट्टे काढले आणि पिशवीत ठेवले. "धपाट्यांचं पीठ भिजवायला शनिवारी संध्याकाळ पुरेल ना गं?" तिनं स्वप्नाला विचारलं. दगडू खुर्चीवर चढून भिंतीवरचा कागद सरळ करायला लागला.

रविवारी सकाळी कल्याणला स्वप्ना पोचवायला आली होती. दोन बॅगा, धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आणि खण-नारळाची वेगळी पिशवी. गाडी हलली तशी दगडूनं खिडकी पकडली ती सोडेना. कसाऱ्याचा घाट संपेपर्यंत तो मालनला तीन वेळा "बघ, बघ" म्हणाला. तिनं तिन्ही वेळा बघितलं. पण तिचं लक्ष डब्याच्या दाराकडं होतं.

इगतपुरीनंतर एक माणूस पाकिटं वाटत आला. मालननं पाकीट दोन्ही हातांत घेतलं. कागद खाकीच, पण तोंड चिकटवलेलं नव्हतं, आत दुमडून घेतलेलं होतं. "बरंय," ती पुटपुटली, "फाडावं लागत नाही." तिनं आतली चादर बाहेर काढली.

चौकोनी, घट्ट घडी. शेवटचा कोपरा आतल्या पदराखाली खोचलेला.

तिनं चादर वर फेकली आणि झेलली. सुटली नाही. पुन्हा फेकली. समोरच्या बाकावरचं पोर खिदळलं.

"अगं, लोक बघतायत," दगडू म्हणाला.

"बघू द्या. अहो, तीच आहे! दुसरं पाकीट फोडा तुमचं." दुसऱ्यातही तीच. तिसरं तिनं समोरच्यांकडून मागून घेतलं, त्यातही तीच. दगडूनं तिन्ही चादरी मांडीवर घेतल्या आणि एकेक कोपरा चाचपून पाहिला. दोन वर्षं त्यानंही या कोपऱ्यापायी काही कमी सोसलं नव्हतं.

या खेपेला मालननं ओढाओढ केली नाही. तिनं कोपरा बोटाच्या टोकानं हळूच बाहेर घेतला, थांबली, परत खोचला. एक पदर उलगडला, परत मिटला. नाशिक गेलं, मनमाड गेलं, तिनं वर पाहिलं नाही. जळगाव येता येता तिच्या हातून पहिली घडी जमली. खोच बाहेरून मारायचीच नव्हती, निम्मी घडी होताच कोपरा आत घेऊन मग बाकीची चादर त्याच्यावर आणायची होती. इतकं सोपं. तिला स्वतःचा रागही आला आणि हसूही आलं.

आणि मग तिला उमगलं. दोन वर्षांपूर्वी ती चादर आपल्या गाडीतून आली होती, बुधवारच्या. म्हणजे ही घडी घालणारी कुणीतरी बाई तिकडून आपल्या गाडीत बसली होती. माझ्या हातच्या चादरीवर झोपली होती. तिनंही माझं पाकीट उघडलं असेल, काठ धरला असेल, आणि चादर एका झटक्यात पसरली असेल, आणि ती कशी घातली होती ते तिलाही कळलं नसेल.

"ती पण माझ्यासारखीच निघाली असंल," ती दगडूला म्हणाली, "बघायला." तिचे डोळे भरून आले आणि ते तिनं पुसलेही नाहीत. दगडूनं तिच्या पुढ्यात धपाट्यांचा डबा उघडून ठेवला.

पाटण्याची गंगा दिसली. मोहरीचा वास कुठून सुरू झाला तेही कळलं. तिसऱ्या दिवशी गुवाहाटी जवळ आली तसे लोक उठले, चादरी पायानं ढकलल्या आणि चपला शोधायला लागले. मालननं आपल्या दोन्ही चादरी बाकावर घेतल्या. एकीची घडी तिनं त्यांच्यासारखी घातली, कोपरा खोचून. दुसरी आपल्या पद्धतीची, काठ वर. पाकिटवाला गाठोडं ओढत आला तेव्हा तिनं दोन्ही त्याच्या हातात न देता स्वतः वाकून आत ठेवल्या, एकमेकींवर. वरच्या चादरीचा काठ तिनं पुन्हा एकदा सारखा केला आणि तिच्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "घाई करू नको गं बाई. हळूहळू सोड."

"कुणाशी बोलतेस?" दगडूनं बॅग उचलता उचलता विचारलं.

"आहे एक ओळखीची," मालन म्हणाली, आणि खण-नारळाची पिशवी घेऊन दाराकडं निघाली.